प्रेषित एकटा नव्हता

एजर्टन रायर्सन यंग यांनी १८९९ सालच्या चरित्रग्रंथात जेम्स एव्हन्स (१८०१–१८४६) यांना 'उत्तरेचा प्रेषित' ही पदवी दिली. यंग स्वतः १८६८ पासून काही वर्षे नॉर्वे हाउस येथे मेथडिस्ट मिशनरी होते. तेथील हिवाळा व श्वानरथांचे प्रवास त्यांनी भोगले होते. अशा अधिकारी लेखणीचा मान राखूनही या पदवीची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एव्हन्स यांची थोरवी निर्विवाद आहे. १८४० साली आजच्या कॅनडातील नॉर्वे हाउस येथे येताच त्यांनी क्री भाषेसाठी लिपी प्रचारात आणली. तिच्यात नऊ मूळ आकृती असून आकृतीचे तोंड चार दिशांना फिरले की स्वर बदलतो. चहाच्या पेट्यांतील शिशाचे खिळे ओतून आणि काजळी व माशाचे तेल यांची शाई करून त्यांनी स्तोत्रे छापली. या रचनेमागे लघुलेखनाप्रमाणेच देवनागरीचीही प्रेरणा असावी, असे काही अभ्यासक मानतात. क्री परंपरा मात्र ही लिपी मिस्तनास्कोवेव नामक वडीलधाऱ्यास आत्म्यांच्या लोकातून लाभली असे सांगते.

एकनायकी चरित्राची मर्यादा येथेच दिसते. क्री भाषेतील बायबल १८६१-६२ मध्ये विल्यम मेसन यांच्या नावे निघाले. परंतु ओजिब्वे धर्मसेवक हेन्री स्टाइनहॉर, जॉन सिंक्लेअर आणि क्री मातेची कन्या सोफिया मेसन यांचे श्रम त्यात होते. १८४४ साली एव्हन्स यांच्याच बंदुकीची गोळी अपघाताने लागून त्यांचे दुभाषी टॉमस हॅसल मरण पावले. पुढे मिशनमधील तरुण स्त्रियांसंबंधी एव्हन्स यांच्यावर आरोप झाले. १८४६ मध्ये त्यांची चौकशी झाली व त्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. आरोपांमागे केवळ कंपनीचे वैर पाहणारा चरित्रकार त्या स्त्रियांच्या साक्षीला मुळी स्थानच देत नाही. आरोप सिद्ध मानणे जसे अन्यायाचे, तसेच साक्ष न ऐकताच ती फेटाळणेही अन्यायाचेच.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी सहकाऱ्यांची नावे आहेत. लेखनिक तर्तियुसही तेथे स्वतःच्या नावाने सलाम करतो. प्रेषितपदाची खूण ही आहे. आपल्या मंडळ्यांचे इतिहास लिहिताना धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी मिशनऱ्याच्या तसबिरीशेजारी दुभाषी, भाषांतरकार व धर्मशिक्षिका यांची नावेही लिहावीत. संताचा गौरव त्याने उणा होत नाही. सत्याचा मात्र राखला जातो.