अनारसा हसला तेव्हा

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात एक वाङ्मयीन प्रश्न उभा राहिला. वाङ्मयीन हा शब्द मी थट्टेने वापरत नाही. तो प्रश्न तूप तापल्यावर उभा राहिला, एवढाच काय तो फरक.

आमच्या सूनबाई धारवाडच्या. मातृभाषा कानडी. चिरंजीव बेंगळुरूला नोकरीत आहेत. तिथेच दोघांचे जमले. लग्नानंतर बेळगावातली त्यांची ही दुसरी दिवाळी. आठवड्यापूर्वी सौभाग्यवती न्हाणीघरात घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. अनारशाचे पीठ त्याआधीच डब्यात तयार होते. सूनबाई म्हणाल्या, “आई, या वर्षी मी करते. आज्जींची वही आहे ना?” सौभाग्यवती हात दाखवायला दवाखान्यात गेल्या, मी पुढच्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत बसलो, आणि आत आईची वही उघडली गेली.

माझी आई जाऊन तीन वर्षे झाली. तिची वही म्हणजे शाळेची शंभर पानी वही, जाड पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडून पाने पारदर्शक झालेली. सूनबाईंना देवनागरी वाचता येते, ती शाळेतल्या हिंदीमुळे. बोली मराठी त्या आता बऱ्यापैकी बोलतात. अनारशाच्या पानावर शेवटी आईने लिहिले होते : हसले तर पिठी लावावी.

तासाभराने हाक आली, “बाबा, जरा येता का?” जाऊन पाहतो तो कढईत अनारसे नव्हतेच. तुपात तांबूस भुगा तरंगत होता. एकामागून एक सात अनारसे असे विरघळून गेले होते. अर्धा किलो तूप वाया गेले, आणि पोरीचे डोळे भरून आले होते.

मी विचारले, “अगं, पहिलाच हसला तेव्हा थांबायचे नाही का?” ती म्हणाली, “बाबा, हसला म्हणजे कच्चा राहिला ना? म्हणून पीठ लावून जास्त वेळ ठेवला.”

क्षणभर मला उमगेना. मग उलगडा झाला. हिंदीमुळे हसणे हा शब्द तिला ठाऊक होता. पण खाण्याचा पदार्थ हसेल कसा? तो अर्थ तिने बाद केला. कानडीत ‘हसी’ म्हणजे कच्चे, ओले. तो अर्थ चपखल बसला. कच्चा राहिला तर वरून पिठी लावावी आणि अजून तळावा, असे वाक्य तिने लावले. एखाद्या विद्यार्थ्याने पाठातल्या अनोळखी शब्दाचा संदर्भावरून असा अर्थ लावला असता, तर मी त्याला शाबासकी दिली असती.

आपल्या घरांत अनारसा हसला म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गुळाचे प्रमाण चढले किंवा गोळा फार सैल झाला, की तुपात पडताच तो पसरतो, जाळी फाटते, कडा सुटतात. त्याला आपल्या बायका हसणे म्हणतात. कोणा आजीला ते प्रथम सुचले असेल कोण जाणे. पण मराठीतली एक उत्तम प्रतिमा म्हणून मी ती वर्गात सांगत आलो आहे. आणि पिठी लावावी म्हणजे वरून नव्हे. गोळ्यातच थोडी कोरडी पिठी मळून घ्यावी. आईला हे माहीत होते, म्हणून तिने लिहिले नाही. लिहिले नाही, म्हणून सात अनारसे गेले.

त्या रात्री मी पेपर बाजूला ठेवले आणि घरातली पाकपुस्तके काढून बसलो. एम. ए.ला मराठी घेऊन मी समीक्षेचे जे ग्रंथ वाचले, त्यांतल्या एकातही या पुस्तकांचा विचार झालेला मला आठवत नाही. हजारो घरांत रोज उघडली जाणारी, ओल्या हाताने वाचली जाणारी ही मराठी गद्याची पुस्तके. त्यांना कसोटी कोणती लावायची? मला तीन सुचल्या. माप सांगितले आहे का? खूण सांगितली आहे का, म्हणजे पदार्थ झाला हे डोळ्याला, कानाला, नाकाला कसे कळावे? आणि तिसरी, चुकले तर सावरायचे कसे?

मराठीत छापील पाकशास्त्राची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५चे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१०चे. त्या पाठारे प्रभू घरातल्या, आणि नावातच त्यांनी वाचक कोण ते सांगून टाकले : गृहिणी, आणि पुस्तक तिचा मित्र. हजार हा आकडाही बोलका आहे. घरोघरी विखुरलेले ज्ञान एका ठिकाणी बांधायची ती ईर्षा होती. पण शेर, पावशेर, तोळा ही त्या काळची मापे बाजाराची मापे होती. दुकानदाराच्या तराजूत ती सोपी, चुलीपाशी अवघड.

पुढे १९५६ साली कायदा होऊन दशमान वजने आली आणि १९६२पर्यंत शेर जाऊन किलो रुळला. आईच्या पिढीच्या बायकांचा त्या वेळी किती गोंधळ उडाला असेल! शेराच्या हिशेबाने हात बसलेला आणि वाणी देतो किलोने. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’चे मोठेपण मला इथे दिसते. १९७० साली किर्लोस्कर प्रकाशनाने ते पुस्तक काढले. कमलाबाईंनी शेरही सोडला आणि किलोही. त्यांनी वाटी आणि चमचा घेतला. प्रमाण एकदा वाटीत सांगितले, की वाटी लहान असो वा मोठी, नाते तेच राहते. चकलीच्या भाजणीला तांदूळ चार वाट्या, तर हरभऱ्याची डाळ दोन आणि उडदाची एक, असे म्हटले की कुठल्याही घरातली, कुठलीही वाटी चालते. नवी नवरी पुण्यात असो की परदेशात, तिला तराजू लागत नाही. ही निवड मला वरवर दिसते त्याहून फार खोल वाटते.

बेळगावकरांना यात आणखी एक धागा सापडेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचा उद्योग सुरू केला तो बेळगावात, १८८८ साली. १९१० साली इथला कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ त्यांना जमीन दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथून ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिके मराठी घरांत गेली. आणि कमलाबाईंचा जन्म १९१३ साली झाला तो त्याच कुंडलला. आपल्या गावातून उठलेल्या उद्योगाच्या प्रकाशनाने तिथल्याच एका बाईचा हात मराठी घराघरांत पोचवला. कमलाबाई १९९९ साली गेल्या. पुस्तक आजही विकले जाते.

आमच्या घरी ‘रुचिरा’ आली ती १९९४ साली, सौभाग्यवतींच्या रुखवतात. आईने ती चाळली आणि म्हणाली, “छान आहे हो, पण हे सगळे तर येतेच की.” ज्याला येते त्याला पुस्तक नको असते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ते असते, आणि त्याच्याच नजरेने ते वाचायला हवे. मापाच्या कसोटीवर ‘रुचिरा’ पहिली येते. खुणांमध्येही ती पुष्कळ गुण मिळवते. पण तिचीही एक मर्यादा आहे. तिच्यासमोरची सून मराठी घरातून आलेली आहे. ‘मोहन’, ‘दमट’, ‘पाक’ हे शब्द माहेराहून घेऊन आलेली आहे. आमच्या घरात आलेली सून ते शब्द घेऊन आलेली नाही. यात कमलाबाईंचा दोष नाही. त्यांच्या घराची तशी गरज नव्हती, आपल्या घरांची आहे.

दुर्गाबाई भागवतांच्या ‘खमंग’चा प्रकार वेगळा. तिथे लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाची नजर आहे. पदार्थाबरोबर त्याचा मुलूख येतो, माणसे येतात. आपल्या टापूला या वृत्तीची गरज जास्त, कारण आपला फराळ एका मुलखाचा नाहीच. आईचे माहेर गोकाककडचे. तिच्या वहीत करंजी-चकलीबरोबर करदंट आहे, शेंगांची पोळी आहे, कोडबळे आहेत. गोव्यातल्या आमच्या आत्याकडे नरकचतुर्दशीला चकलीपेक्षा फोवांना मान : दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले. बडोद्याच्या मावशीच्या ताटात आपल्या करंजीशेजारी मठिया आणि चोळाफळी असते. माझ्या कपाटातल्या कुठल्याही एका पुस्तकात हे तिन्ही ताटे एकत्र नाहीत.

आता आईच्या वहीचे परीक्षण. मुलाने आईच्या लेखनाला गुण देऊ नयेत हे मला कळते. पण परीक्षकाने पक्षपातही करू नये. ती वही पाठ्यपुस्तक म्हणून नापास आहे. माप : पानोपानी ‘अंदाजाने’. खूण : क्वचित. सावरणे : अनारशापुरते एक वाक्य, तेही गूढ. तांदूळ तीन दिवस भिजवायचे हे आहे; रोज पाणी बदलायचे हे नाही. पीठ दमट असतानाच कांडायचे, अनारसा खसखशीवर थापून खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचे, यातले एक अक्षर नाही. ते सारे तिच्या हातात होते. वही ही तिने स्वतःला घातलेली आठवणीची गाठ होती. पदराला गाठ मारणाऱ्याला ती कशाची ते कळते. दुसऱ्याला नुसती गाठ दिसते.

हे लिहिताना मला वाईट वाटते ते वेगळ्याच कारणाने. तिच्याशेजारी मी तीस वर्षे बसलो, फराळ खाल्ला, नावे ठेवली, कौतुक केले, पण “हसला म्हणजे काय करायचे, आई?” असे एकदाही विचारले नाही. मुलांना मी रोज सांगतो, न समजलेला शब्द विचारावा.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती कढईपाशी खुर्ची टाकून बसल्या. सूनबाईंनी गोळ्यात चमचाभर पिठी मळली. आधी एकच अनारसा सोडला. कडा किंचित थरथरल्या, पण धरून राहिल्या, जाळी पडली. सूनबाई म्हणाल्या, “अरे, हे तर अतिरसच! माझी आज्जी याला कज्जाय म्हणते.” मग दोघींची यादीच सुरू झाली. चकलीला चक्कुली, कडबोळ्याला कोडबळे, करंजीला करजीकाई, चिरोट्याला चिरोटी, मांड्याला मंडिगे. कोणी कोणाकडून घेतले ते भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावे. कढईला त्याची चौकशी नसते.

त्या दुपारी सूनबाईंनी वहीच्या समासात पेन्सिलने काही लिहिले. कानडीत. मी पाहिले आणि, खरे सांगतो, आत काहीतरी टोचले. ज्या शाळेत मी शिकवतो तिथे एकेका इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या; आज एक भरताना आम्ही घरोघर फिरतो. मराठीची एकेक जागा सुटताना पाहिलेल्या माणसाला आईच्या वहीत दुसरी लिपी दिसली की टोचणारच. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांनाही टोचेल.

रात्री मी ती वही पुन्हा उघडली. कोडबळे, करदंट, शेंगा, उंडे. आईच्या मराठी अक्षरांत कानडी कधीच येऊन बसली होती. तिने तिला पाट दिला होता. आणि समासातल्या कानडी ओळी मूळ मजकूर खोडत नव्हत्या, त्याला धरून होत्या. माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकाला याला टीका म्हणायची सवय आहे. मूळ ग्रंथ वाचला जावा म्हणूनच टीका लिहितात. कोणी टीका लिहीनासे झाले, तर ग्रंथ कपाटात राहतो.

म्हणून या दिवाळीत वाचकांना एक विनंती. घरात जी वही असेल ती काढा. लिहिणारी माउली हयात असेल तर तिच्याजवळ बसा आणि ज्याला काहीच येत नाही असे समजून प्रश्न विचारा. वाटी कोणती? तेल तापले हे कसे कळते? मोहन जास्त झाले तर चकलीचे काय होते? (ती तेलात सुटते. कमी झाले तर दाताला लागते.) उत्तरे मराठीत, पूर्ण वाक्यांत लिहा. उद्या ते पान वाचणारे मूल कुठल्या माध्यमात शिकलेले असेल, कुठल्या घरातून आलेले असेल, हे आपल्या हाती नाही. वाक्य पूर्ण लिहिणे आहे.

आमच्या वहीतल्या त्या कानडी ओळी मी सूनबाईंकडून वाचून घेतल्या आणि खाली मराठीतही उतरवल्या. त्यांनी लिहिले होते : हसणे म्हणजे कच्चे राहणे नव्हे. तुपात पसरला तर थांबावे. एका वाटी गोळ्याला एक चमचा पिठी आत मळावी. आधी एकच टाकून पाहावा.

परीक्षक म्हणून त्या चार ओळींना मी पैकीच्या पैकी गुण दिले आहेत. या वर्षीचे तांदूळ काल भिजत घातले. आज पाणी बदलायचे आहे, याची आठवण करून देणारा फोन सकाळीच बेंगळुरूहून आला.