तबक शेवटी फिरते

मराठी पॉडकास्टचे श्रोते कसे वाढावेत, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस कुंभकोणम येथे कीर्तनाच्या इतिहासात सापडते. एकोणिसाव्या शतकात याच तंजावर प्रांतात रामचंद्रबुवा मोरगावकरांची मराठी कीर्तने गाजली. त्यांतील साकी, दिंडी, ओवी तंजावर कृष्ण भागवतरांनी उचलली; कथा मात्र तमिळमध्ये सांगितली. घडण परकी, पण श्रोता आपला ओळखलेला. म्हणूनच तमिळ हरिकथा उभी राहिली.

आमचे पॉडकास्टकार ‘अमुक तमुक’सारख्या कार्यक्रमांच्या दीर्घ गप्पांचा केवळ साचा उचलतात. श्रोता कोण, हे ठरलेले नसते. आरंभीच सबस्क्राइब करण्याचे आर्जव मात्र असते! कीर्तनकार पूर्वरंगात एका अभंगाचे निरूपण करतो, उत्तररंगात एकाच आख्यानाने ते मनावर ठसवितो. आरतीचे तबक फिरते ते सर्वांत शेवटी.

कचेरीतून परतल्यावर आमच्या बिऱ्हाडी मुलांच्या कानी पडणारी घराबाहेरची मराठी बहुधा एवढीच. ती पोकळ निघाली, तर मुले ती बंद करतील आणि त्यांना आम्ही दोष देऊ शकणार नाही. सांगण्याजोगे काही असेल, तर कावेरीकाठीही श्रोता आहेच.