आर्थिक निर्बंध : मोजणी आणि मुभा

तेल निर्यात करणाऱ्या देशावरील निर्बंधांचे मूल्यमापन बहुधा न विकल्या गेलेल्या तेलावरून केले जाते. ही मोजणी अपुरी होय. विक्रेता देश त्याच पैशाने खरेदीही करीत असतो. त्याची क्रयशक्ती आटली की तिचा पडसाद जळगावनजीकच्या असोद्यासारख्या गावापर्यंत येऊ शकतो.

इराणचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१२ पासून भारत इराणी तेलाच्या किमतीपैकी ४५ टक्के रक्कम युको बँकेतील खात्यात रुपयांत भरू लागला. त्या रुपयांतून इराण भारतीय तांदूळ, चहा आदी माल घेई. २०१८ मध्ये अमेरिकेने निर्बंध पुन्हा लादले. रियाल घसरला, महागाई भडकली. मे २०१९ मध्ये भारताला दिलेली सवलत संपली, तेलखरेदी थांबली आणि खात्यात नवी भर पडेनाशी झाली. बासमतीच्या निर्यातदारांची देणी रखडली.

अन्न व औषधे निर्बंधांतून वगळलेली असतात, हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद. तो वस्तूचा विचार करतो, विनिमयाचा करीत नाही. पैसे पोचविणारी बँकच दंडाच्या भयाने मागे सरली, तर ती मुभा कागदावरच राहते. इराणी रुग्णाला औषध दुर्मिळ होते आणि इकडे शेतकऱ्यापुढे अनिश्चितता उभी राहते. खान्देशची केळीही इराणला जाते. तांदूळ गोदामात वाट पाहू शकतो. कापलेला घड पाहू शकत नाही. निर्बंधांचा न्याय्य हिशेब करावयाचा, तर हा भारही त्यात धरावा लागेल.