बिस्मथ आणि विशेषणांचा मोह

शोधनिबंधाचीही समीक्षा करता येते. त्यात काय सिद्ध झाले आणि काय नुसते सुचवले गेले, हे वेगळे काढायचे असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. थमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांचा बिस्मथवरील निबंध जानेवारी २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. या कसोटीवर तो मला फार मोलाचा वाटतो.

ठरावीक तापमानाखाली विजेला मुळीच रोध न करणारा पदार्थ म्हणजे अतिसंवाहक. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विजेचा विषय निघाला की रात्रीचे ओलीत आणि बंद पडलेला पंप आठवतो. म्हणून ‘रोध नाही’ हे शब्द वाचताच गळतीविना वाहणारी वीज डोळ्यांपुढे येणे साहजिक आहे. या निबंधात तशी आशा नाही. बिस्मथ अतिसंवाहक होते ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागावर. पृथ्वीपेक्षाही दुबळे चुंबकीय क्षेत्र ही अवस्था मोडते.

मग महत्त्व कशाचे? बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या १९५७ च्या सिद्धांतानुसार स्फटिकातील अणूंच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात. बिस्मथमध्ये साधारण एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. शिवाय इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कंपनांच्या ऊर्जेहून खूप मोठी असावी, हे सिद्धांताचे गृहीतक इथे टिकत नाही. लेखकांनी शुद्ध स्फटिक थंड करून तो चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, हे मोजून दाखवले. हा अतिसंवाहकतेचा भक्कम पुरावा. जोड्या कशा जुळतात, हे मात्र त्यातून कळत नाही. ‘अपारंपरिक’ या शब्दाचा इथे अर्थ एवढाच, की जुने स्पष्टीकरण पुरत नाही.

मोह सुरू होतो तो पुढे. बांगडी दाबून लंबगोल केली तरी तिच्यामधले भोक जात नाही. त्यासाठी ती तोडावीच लागते. काही पदार्थांतील इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांना असाच सहजी न पुसला जाणारा गुण असतो. त्यांना टोपॉलॉजिकल म्हणतात. २०१८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने बिस्मथच्या स्फटिकाच्या कडांवर असे वहनमार्ग दाखवले. आता दोन्ही गोष्टी जोडून ‘बिस्मथ म्हणजे टोपॉलॉजिकल अतिसंवाहक’ असे लिहून टाकणे सोपे आहे. पण मुंबईचा पुरावा स्फटिकाच्या सगळ्या अंगाचा आहे, दुसरा कडांचा. दोन्ही गुण एकाच धातूत आहेत, एवढ्यावरून एकामुळे दुसरा आला असे ठरत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. २०१८ मध्येच डेल्फ्टच्या एका गटाने ‘नेचर’मध्ये अतिसंवाहकाशी जोडलेल्या अर्धवाहक तारेत मायोराना अवस्थांची खूण सापडल्याचे लिहिले. अशा अवस्था टोपॉलॉजिकल अतिसंवाहकात अपेक्षित असतात आणि भावी क्वांटम संगणकाची आशा त्यांच्यावर आहे. सगळी मोजमापे पुन्हा तपासल्यावर तो निष्कर्ष टिकला नाही आणि २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. हवे ते उत्तर आधीच ठाऊक असले की मोजमापांतून तेवढेच दिसू लागते.

बिस्मथचे कोडे सोडवणे अवघड आहे, ते कामाच्या कारणांनी. कंपनांचा वाटा तपासण्याची जुनी रीत म्हणजे त्याच मूलद्रव्याचे जड-हलके समस्थानिक घेऊन संक्रमणाचे तापमान बदलते का, हे पाहणे. निसर्गातले बिस्मथ एकाच समस्थानिकाचे आहे, म्हणून ती वाट जवळपास बंद. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतील फट मोजायची, तर तेही इतक्या थंडीत करावे लागेल. तोवर या निबंधाबद्दल लिहिणाऱ्याने त्याच्याइतकाच संयम ठेवावा: शोध झाला आहे, असे ठामपणे म्हणावे आणि कारणाची जागा मोकळी ठेवावी.