दुसऱ्या दिवशी दार उघडले का?

गाथा किंवा ज्ञानेश्वरी सोडून मी या वेळी लहान मुलांच्या इंग्रजी पुस्तकांवर लिहितो आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण विषय परका नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे पुढारी मार्टिन लूथर किंग 1959 साली भारतात आले होते. केरळातल्या एका शाळेत गेले. तिथली मुले अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतली. मुख्याध्यापकांनी मुलांना पाहुण्यांची ओळख करून दिली, ती अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य म्हणून. किंगना आधी ते लागले. मग विचार करता त्यांना ते खरे वाटले, आणि पुढे 1965 साली आपल्या चर्चमधल्या प्रवचनात त्यांनी ते स्वतःच सांगितले. तेव्हा त्यांची कथा ऐकण्याचा अधिकार चोखोबांच्या दारात पाया पडणाऱ्यांना आहेच.

गेल्या हिवाळ्यात मी मुलाकडे न्यू जर्सीत होतो. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी तिकडे किंग यांच्या नावाची सुट्टी असते आणि फेब्रुवारी हा महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी राखलेला. त्या दिवसांत शाळेतून, वाचनालयातून या विषयाची पुस्तके घरोघर येतात. नातू सात वर्षांचा, नात अकराची. बाहेर बर्फ पडलेले, त्यामुळे मी घरातच. माझे इंग्रजी जुन्या अकरावीपुरते. नात वाचायची आणि अडले की तिच्या मराठीत समजावून द्यायची. चाळीस वर्षे मी सांगणारा. तिथे प्रथमच टाळकऱ्याच्या जागी उभा राहिलो.

नातवाचे पुस्तक रॉबर्ट कोल्स यांचे, रूबी ब्रिजेस या मुलीची गोष्ट. 1995 साली निघालेले, चित्रे जॉर्ज फोर्ड यांची. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनेला धरून नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली दिला. न्यू ऑर्लिन्स शहरात तो अमलात यायला सहा वर्षे गेली. 14 नोव्हेंबर 1960 रोजी सहा वर्षांची रूबी केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात विल्यम फ्रान्झ शाळेत गेली. बाहेर गोऱ्या बायाबापड्यांचा जमाव शिव्या देत उभा. गोऱ्यांनी आपली मुले काढून नेली. वर्षभर वर्गात ती एकटी आणि शिकवायला बार्बरा हेन्री नावाच्या एकट्या बाई. एके दिवशी बाईंना खिडकीतून दिसले की रूबी जमावापुढे थांबली आहे आणि तिचे ओठ हलताहेत. त्यांना वाटले, ती लोकांशी बोलते आहे. ती म्हणाली, मी बोलत नव्हते, त्यांच्यासाठी देवाकडे मागणे मागत होते. त्या प्रार्थनेवर पुस्तक संपते.

माझे डोळे भरले. नाथ महाराजांना आठवून हात जोडले गेले. गोदावरीवर स्नान करून येताना एक माणूस अंगावर थुंकत राहिला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नानाला जात राहिले, ती कथा. कोल्स हे बालमनाचे वैद्य. त्या वर्षी त्यांनी रूबीला जवळून पाहिले होते, त्यामुळे प्रसंग खोटा नाही आणि सांगितला आहे अगदी साधेपणाने. तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर मला माझ्याच डोळ्यांतल्या पाण्याचा संशय आला. नाथ पैठणचे विद्वान ब्राह्मण, प्रौढ, घरंदाज. समर्थाने क्षमा करावी, ती त्याला शोभते. इथे सहा वर्षांच्या लेकराने अख्ख्या गावाला क्षमा करायची, आणि वाचणाऱ्याने ते पाहून हलके होऊन पुस्तक मिटायचे! ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच अन्याय करणाऱ्याच्या मनाची सोय पाहायची, असा अर्थ नकळत मुलाच्या मनात उतरतो. प्रार्थनेचा दोष नाही. गोष्ट तिथे थांबवण्याचा आहे.

हे मी म्हणतो त्याला आधार खुद्द रूबीचाच. मोठेपणी, 1999 साली, तिने आपली हकिगत स्वतः लिहिली, छायाचित्रांसह. नातीने ते पुस्तक मुद्दाम मागवून आणले. त्यात कळते की मुलीला त्या शाळेत धाडावे की नाही यावर आईवडिलांचे एकमत नव्हते. आई हो म्हणत होती, वडील कचरत होते. वडिलांची नोकरी गेली. मिसिसिपीत वाट्याने शेती करणाऱ्या आजीआजोबांना जमीन सोडावी लागली. जमावातल्या कुणीतरी एका लहानशा शवपेटीत काळी बाहुली ठेवून आणली होती, आणि पोरीला शिव्यांपेक्षा त्या बाहुलीची भीती अधिक वाटली. विष घालण्याची धमकी आली, म्हणून तिने घरचेच खायचे. हे वाचल्यावर प्रार्थना लहान होत नाही. ती कशाच्या समोर उभी राहून केली होती ते दिसते. सात वर्षांच्या मुलाला यातले किती सांगावे, असे कुणी विचारील. शवपेटी नका सांगू हवी तर. नोकरी गेली, हे सात वर्षांच्या मुलाला चांगले कळते. आमच्या नातवाने लगेच विचारले, मग ते जेवले काय?

आपल्या कीर्तनात सिद्धांत आणि दृष्टांत असतात. दृष्टांत गोड झाला की श्रोता त्यातच रमतो आणि सिद्धांत बाजूला राहतो. रोझा पार्क्स यांच्यावरच्या बालपुस्तकांत हे फार झाले आहे. मी ऐकलेल्या दोन छोट्या पुस्तकांत गोष्ट एकच. मॉन्टगोमरी गावात एक शिवणकाम करणारी बाई दिवसभर दमून बसमध्ये बसली, गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नाही म्हणाली, तिला पकडले, आणि सगळे गाव जागे झाले. जणू बाईचे पाय दुखले म्हणून देव प्रसन्न झाला. हर्बर्ट कोल या अमेरिकन शिक्षकाने या सांगण्यावर चांगले आसूड ओढले आहेत, आणि ते रास्त आहेत. पार्क्सबाई त्या आधी कित्येक वर्षे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या गावशाखेच्या चिटणीस होत्या. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्या हायलँडर नावाच्या लोकशाळेत शिकून आल्या होत्या. 1 डिसेंबर 1955 ला त्यांना अटक झाली; त्याच्या नऊ महिने आधी, 2 मार्चला, क्लॉडेट कोल्व्हिन ही पंधरा वर्षांची मुलगी तशीच जागा न सोडता पकडली गेली होती. अटकेच्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रात्रभर जागून हजारो पत्रके काढली. लोक 381 दिवस पायी चालले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. शेवटी बसमधला भेद कोर्टात मोडला, त्या दाव्यात कोल्व्हिनचे नाव होते. एवढ्या माणसांचे काम एका दमलेल्या बाईच्या पायांवर कसे ठेवता येईल?

हसू नये, आपणही तेच करतो. साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिरासाठी 1 मे 1947 पासून प्राणांतिक उपोषण केले, हे शाळेतल्या मुलाला ठाऊक असते. दहा दिवसांत दार उघडण्याचे ठरले, म्हणजे उपोषणाचा चमत्कार. त्याआधी काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, सभा घेतल्या, गावची देवळे आणि विहिरी खुल्या करा म्हणून हात जोडले, हे मुलांना कोण सांगतो? उपोषण तनपुरे महाराजांच्या मठात झाले, म्हणजे वारकऱ्यांपैकी कुणी जागा दिली. आणि विरोधालाही आपलीच माणसे होती. दोन्ही सांगितले पाहिजे.

आता माझे स्वतःचे. एका रात्री मुलांनी हट्ट धरला, आबा तुम्ही गोष्ट सांगा. मी चोखोबांचे चरित्र काढले. चंद्रभागेपलीकडे देव चोखोबांच्या पंगतीला बसले, सोयराबाईच्या हातून वाढताना दही पीतांबरावर सांडले, तेवढ्यात आलेल्या बडव्याने चोखोबांच्या थोबाडीत मारली, आणि देवळात जाऊन पाहतो तो पीतांबर दह्याने भिजलेला, पांडुरंगाचा गाल सुजलेला. ही कथा मी शेकडो वेळा केली आहे. सुजलेल्या गालाच्या ठिकाणी क्षणभर थांबायचे, मृदंग बंद ठेवायचा, मग विठ्ठलनाम घ्यायचे. मांडवात रडला नाही असा माणूस मला आठवत नाही. नातही गप्प झाली होती. मग म्हणाली, “आबा, मग दुसऱ्या दिवशी त्यांना आत सोडलं?”

चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारले नव्हते. मीही स्वतःला विचारले नव्हते. सोडले नाही, म्हणालो. मंगळवेढ्याला कुसू बांधताना ते कोसळले, त्याखाली ते गेले, ते शके 1260 म्हणजे 1338 साल. नामदेवरायांनी अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली, दाराच्या बाहेर. दार उघडायला 1947 उजाडले. तिने बोटांवर हिशेब केला आणि सहाशे नऊ म्हणाली. आणि चोखोबांचा मुलगा, तिने पुढे विचारले, तो काही बोलला नाही? बोलला. कर्ममेळ्याचे अभंग देवालाच जाब विचारणारे आहेत. ते मला पाठ आहेत. निरूपणाला मी एकदाही घेतले नाहीत. श्रोते प्रसन्न मनाने उठावेत, असे म्हणायचो.

म्हणून मला तिची दोन मोठी पुस्तके अधिक मोलाची वाटली. पहिले क्रिस्टोफर पॉल कर्टिस यांचे, वॉटसन कुटुंब 1963 साली बर्मिंगहॅमला जाते त्याची कादंबरी. तीही 1995 चीच. निम्म्याहून अधिक पुस्तक नुसते हसवते. मिशिगनच्या थंडीत थोरला बायरन मोटारीच्या आरशाला तोंड लावतो आणि ओठ तिथेच गोठून चिकटतात, तेव्हा नातू जमिनीवर लोळला. कर्टिस यांना कथा सांगण्याचे मर्म कळले आहे: आधी ही माणसे आपल्या घरची करायची, मगच त्यांना संकटात न्यायचे. दक्षिणेतल्या त्या गावात 15 सप्टेंबर 1963 ला चर्चमध्ये बॉम्ब फुटतो. तो खराच फुटला होता, चार मुली गेल्या, सर्वांत धाकटी अकरा वर्षांची. नात तिथे वाचायची थांबली. तीही अकराच वर्षांची.

पण पुस्तक स्फोटावर संपत नाही, यात त्याचे थोरपण. दहा वर्षांचा केनी घरी परतून सोफ्यामागे लपून बसतो. आजारी कुत्री-मांजरे तिथे जाऊन बरी होतात, तिथे काही जादू आहे, असा त्या भावंडांचा समज असतो. बायरनच, तो वांड बायरन, त्याला सांगतो की तिथे जादूबिदू काही नाही. माणसांनी मुलांना का मारले, याचे गुळगुळीत उत्तर कुणी देत नाही. केनीला शेवटी जादू सापडते ती घरातल्या माणसांत. चमत्कार काढून घेतला आणि तरी पोराला उघड्यावर सोडले नाही, हे मला कधी साधले नाही.

दुसरे मिल्ड्रेड टेलर यांचे, 1976 चे, त्याला तिकडचा न्यूबेरी हा मोठा मान मिळाला. मिसिसिपी, 1933 साल. चळवळ अजून वीस वर्षे दूर आहे. टेलरबाईंनी त्याच घराची कथा पुढे अनेक पुस्तकांत नेली आणि 2020 च्या पुस्तकात ती चळवळीपर्यंत आणली. वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या घरच्या गोष्टींवर हे लेखन उभे आहे, म्हणजे परंपरा मौखिकच. सहा वर्षांचा एक नीटनेटका मुलगा शाळेत पहिल्यांदा पुस्तक हाती घेतो. ते मळकट, फाटके. आतल्या पुठ्ठ्यावर तक्ता: पुस्तक कधी दिले, कोणत्या स्थितीत होते, विद्यार्थी कोणत्या वंशाचा. अकरा वेळा गोरा; पुस्तक अगदी फाटल्यावर बाराव्या ओळीत काळा, तोही हलक्या शब्दात लिहिलेला. मुलगा पुस्तक फेकून त्यावर नाचतो आणि मार खातो. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका. ती आपल्या मुलांच्या पुस्तकांतल्या त्या तक्त्यांवर कागद चिकटवते. पुढे पाठ्यपुस्तकात नसलेला गुलामगिरीचा इतिहास शिकवल्यावरून तिची नोकरी जाते.

त्या कागदावरून आमचे दोघांचे दोन दिवस वाजले. मी म्हणालो, आईने बरोबर केले. लेकराला उद्या त्याच पुस्तकातून शिकायचे आहे, रोज ते डोळ्यांपुढे कशाला? नात म्हणाली, झाकले तर पुढच्या मुलाला कसे कळणार? मी म्हटले, आई झाकते आहे, पुसत नाही, कागद खाली तसाच आहे. ती म्हणाली, मग एका कोपऱ्याने तो उचलता आला पाहिजे.

या चैत्रात गावी बालशिबिरात मला चोखोबांवर दोन शब्द बोलायला सांगितले. गाल सुजेपर्यंत कथा नेहमीप्रमाणे झाली. मग मी मुलांना विचारले, दुसऱ्या दिवशी काय झाले असेल? बराच वेळ कुणी बोलले नाही. मागून एक मुलगा उठला आणि म्हणाला, महाराज, बडव्याचा गाल का नाही सुजला?