देवरुखच्या दोन बहिणी, दोन पुस्तके

रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे जोशी घराण्यात जन्मलेल्या दोन बहिणींनी मराठीला दोन आत्मकथा दिल्या आहेत. धाकट्या पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली प्रसिद्ध झाली. थोरल्या आनंदीबाई, म्हणजेच महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली आले. समाजसुधारणेच्या इतिहासाची साधने म्हणून ही पुस्तके अनेकांनी चाळली आहेत, आणि केशवपन, पुनर्विवाह, हिंगण्याचा आश्रम यांविषयीचे उतारे त्यांतून वेचले गेले आहेत. आम्ही मात्र ती जवळजवळ ठेवून एका वेगळ्याच प्रश्नासाठी वाचली. माणूस चाळिशी ओलांडल्यावर स्वतःसाठी काही मागू लागला, तर घर काय म्हणते, आणि त्या मागण्याची किंमत कोण मोजते?

पार्वतीबाईंचे माहेरचे नाव कृष्णा. जन्म १८७० चा. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी एक मुलगा. पुढे त्या बहिणीच्या आधाराने पुण्यास आल्या, शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात शिरल्या आणि त्यासाठी गावोगाव हिंडून वर्गणी जमवू लागल्या. १९१२ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी केशवपन थांबवले. एवढ्यावर थांबत्या तरी त्यांचे चरित्र सफळ मानले गेले असते. पण त्यांना इंग्रजी शिकायचे होते! आश्रमाच्या रगाड्यात ते जमेना, म्हणून १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी मोलकरणीची कामे केली, त्यावर पोट भरले, आणि १९२० साली परतल्या.

‘माझी कहाणी’तील ही प्रकरणे सर्वांत वाचनीय आहेत, पण समीक्षकाने थबकावे असा एक पेचही त्यांतच आहे. स्त्रीचे कार्यक्षेत्र मुख्यतः घर होय, तिचे शिक्षण त्यास अनुरूप असावे, असे मत पार्वतीबाई ठामपणे मांडतात. पुनर्विवाहही त्यांना रुचत नाही, आणि सख्ख्या बहिणीने तर तोच केलेला! अशी ही परंपरानिष्ठ बाई एकटीने समुद्र ओलांडते. कारण विचारले तर संस्थेला उपयोग होईल, हे. कारण खोटे नव्हे, परंतु आमच्या मते ते पुरतेही नव्हे. इंग्रजीवाचून त्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी जमवलीच होती. ज्या बाईने पन्नाशीच्या उंबरठ्यावर परक्याची उष्टी भांडी घासणे पत्करले, तिला त्या भाषेची स्वतःची म्हणून तहान होती. ती तहान उघड मांडण्याची सोय मात्र तिच्या काळाने ठेवली नव्हती, म्हणून लेखिका ती सेवेच्या पदराखाली झाकते. पुस्तकाची भाषा जेथे मोकळी व्हावी तेथेच ती अहवालासारखी कोरडी होते, त्याचे कारण आम्हांस हेच दिसते.

या पदराची ओळख आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनाही आहे. मुलगी मठात निघाली की घर रडते, पण वाट सोडते. ‘पाचारण’ हा शब्द सर्वांना कळतो. पंचावन्न वर्षांची आई पेटी शिकायला निघाली, तर मात्र ‘आता या वयात?’ असे म्हणून नातवंड तिच्या कडेवर दिले जाते. जिची हाक दुसऱ्याच्या उपयोगाची, तिला मुभा मिळते. पंडिता रमाबाईंनी उतारवयात बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा जो व्यासंग केला, त्याचेही आपण कौतुक करतो ते मुख्यतः भाषांतर झाले म्हणून.

या रमाबाईंच्या १८८९ साली मुंबईत उघडलेल्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजेच बाया. बालपणीच वैधव्य आलेल्या या गोदूबाईंशी अण्णासाहेबांनी १८९३ साली विवाह केला. मुरूडकरांनी बहिष्कार घातला, त्याची झळ कर्व्यांच्या घरच्यांनाही लागली. हे सारे सर्वश्रुत आहे. कमी बोलले जाते ते पुढचे. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्या ध्यासापायी आपल्या आयुष्याचा विमासुद्धा संस्थेच्या नावे करून टाकला. बायांना काय वाटले असेल? एकदा वैधव्याने उघडी पडलेली स्त्री. दुसऱ्यांदा तसे झाले तर मुलांचे काय, ही तिची भीती हावरेपणाची नव्हती. शिवाय पुनर्विवाहित म्हणून आश्रमाशी तिचा उघड संबंध लोकांना खुपेल, या धास्तीने तिला बराच काळ त्यापासून दूर राहावे लागले. पतीचा ध्यास संसाराने पोसायचा, आणि त्या ध्यासाच्या दारात संसाराला उभे राहता येऊ नये!

‘माझे पुराण’ हे वरकरणी ‘कहाणी’हून विस्कळीत आहे. बोली घरगुती, मध्येच विषयांतर, मध्येच फटकारा. तरीही साहित्य म्हणून आम्ही त्यालाच वरचे स्थान देतो. व्रताची कहाणी सुफळ संपूर्ण व्हावीच लागते. पुराणाला ते बंधन नाही, आणि ‘पुराण लावले’ म्हणून हसणाऱ्यांना बायांनी आधीच गप्प करून टाकले आहे. धाकटी बहीण ध्यास घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते. थोरलीच्या हाती त्या ध्यासाचे जमाखर्च आहेत. पतीविषयीचा आदर न सोडता ती नावेबाजू वाचून दाखवते. थोर पुरुषांच्या चरित्रांत ही बाजू क्वचितच छापली जाते.

कर्व्यांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, शहाऐंशीव्या वर्षी समता संघ. त्यांना ‘या वयात?’ असे विचारल्याचे कोणी कौतुकाशिवाय लिहिलेले नाही. बायांचा स्वतःचा असा छंद कोणता, हे ‘पुराणा’त शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. मात्र सत्तरी ओलांडल्यावर त्यांना आपले आयुष्य आपल्या तोंडाने सांगावेसे वाटले, आणि संस्थेला त्याचा उपयोग काय, असा हिशेब त्यामागे नव्हता. योगायोग असा की, समता संघ निघाला त्याच वर्षी, १९४४ साली, ते पुस्तक आले, आणि त्याचे संपादन त्यांच्या सुनेने, कावेरीबाई कर्वे यांनी केले.