गुणित प्रमाणाचा नियम : पाठ्यपुस्तकी मांडणीची चिकित्सा

आधी प्रयोगांतून गुणित प्रमाणाचा नियम सापडला व त्यावरून जॉन डाल्टनने अणुसिद्धान्त रचला, असा क्रम पाठ्यपुस्तकांतून बहुधा सूचित होतो. तो इतिहासाला धरून नाही. अणूंची कल्पना डाल्टनला वायूंच्या भौतिक अभ्यासातून आधीच सुचली होती, असे त्याच्या प्रयोगवह्यांच्या आधारे रॉस्को व हार्डेन यांनी १८९६ मध्ये प्रतिपादिले.

आकडेमोडही हेच सांगते. कार्बनच्या दोन ऑक्साइडांत ऑक्सिजन वजनाने ५७.१ व ७२.७ टक्के असतो. या आकड्यांत साधे गुणोत्तर दिसत नाही. १ ग्रॅम कार्बनमागे हिशेब केला, की १.३३ व २.६७, म्हणजेच १:२ हे प्रमाण उघड होते. प्रूस्टने विश्लेषणे टक्केवारीत मांडली होती. कार्बनचे वजन स्थिर धरावे, हे अणूची कल्पना मनात असलेल्यालाच सहज सुचते. वर्गात मात्र ही पायरी निव्वळ ‘गणिताची रीत’ म्हणून उरकली जाते.

‘लहान पूर्णांक’ या शब्दांचीही चिकित्सा होत नाही. डेकेन व अनडेकेन यांत ठरावीक कार्बनमागे हायड्रोजनचे प्रमाण १२१:१२० येते. हे गणित स्वतः करणाऱ्या विद्यार्थ्याला नियमच मोडला असे वाटल्यास दोष त्याचा नव्हे.